गॉगलला शंभरपैकी शंभर

ड्रायव्हर : दोनशे बारा वेळा? एका महिन्यात?

साहेब : यंत्राने मोजलंय, दादा. मी नाही मोजलं.

ड्रायव्हर : म्हणजे दिवसातून आठ वेळा मी स्टीअरिंगवर झोपतो, आणि गाडी आपली आपण स्टँडवर येऊन उभी राहते. मग सत्कार गाडीचाच करा की साहेब! हार घाला तिला.

साहेब : चेष्टा नको. काचेवरचा कॅमेरा डोळे बघतो. पापणी अर्ध्याच्या खाली आली की झोप लागली म्हणून नोंद करतो आणि गुण कापतो. दोनशेच्या वर गेलं की ड्रायव्हर गाडीवरून खाली. नियम आहे.

ड्रायव्हर : माझी डावी पापणी जन्मापासून अर्धी आहे. आईच्या मांडीवर होतो तेव्हाही अर्धीच होती. हे तुम्हाला मी सांगायचं?

साहेब : मला माहीत आहे.

ड्रायव्हर : आणि डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र दिलं होतं ते? नजर स्वच्छ, गाडी चालवायला हरकत नाही, असं स्वच्छ लिहिलेलं?

साहेब : खणात आहे. सिस्टीममध्ये पत्र जोडायला जागाच नाही, तर कुठे जोडू?

ड्रायव्हर : आणि तुम्हाला तिथे कशाला बसवलंय? पंख्याखाली हवा खायला?

साहेब : यंत्राचा निर्णय बघायचा आणि ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ करायचं.

ड्रायव्हर : यंत्र आल्यापासून चार महिन्यांत किती अमान्य केलेत? बोला की. तिकिटं फाडायचात तेव्हा आकडे तोंडपाठ असायचे.

साहेब : एकही नाही. दादा, सकाळी चाळीस नावं येतात. वर ‘सर्व मान्य’ असं एक बटण आहे. चहा येईपर्यंत काम उरकतं.

ड्रायव्हर : वा! तेवीस वर्षांत माझ्या गाडीला साधा ओरखडा नाही, आणि मला चहा यायच्या आत उरकलंत?

साहेब : अमान्य केलं की कारण लिहावं लागतं. मग वरून विचारणा होते. डेपोचा आकडा खाली येतो. मुख्य कार्यालयात मला उभं करतात.

ड्रायव्हर : उभं राहायचं मग! पाय आहेत ना?

साहेब : थांब, तुझ्यासमोरच यंत्राच्या कंपनीला फोन लावतो. स्पीकरवर टाकतो. हॅलो, मॅडम? डेपोतून बोलतोय. आमच्या एका ड्रायव्हरची पापणी जन्मतःच खाली आहे. त्याचं काय करायचं?

मॅडम : सर, आमच्या मॉडेलची अचूकता सत्त्याण्णव टक्के आहे.

ड्रायव्हर : आणि उरलेले तीन?

मॅडम : कोण बोलतंय?

ड्रायव्हर : उरलेल्या तिनातला एक.

मॅडम : हे बघा काका, वैयक्तिक घेऊ नका. सिस्टीम कुणाविरुद्ध नसते. ती फक्त शिफारस करते. निर्णय तुमचे साहेबच घेतात.

ड्रायव्हर : ऐकलंत, साहेब? आणि मॅडम, काळा गॉगल लावला तर तुमचा कॅमेरा काय करतो?

मॅडम : डोळे दिसले नाहीत तर झोपेची नोंद होत नाही.

ड्रायव्हर : आणि नोंद नाही तर गुण?

मॅडम : पूर्ण. शंभर. पुढच्या व्हर्जनमध्ये त्यावर विचार सुरू आहे. आणखी काही मदत करू शकते का?

ड्रायव्हर : नको. एवढीच पुष्कळ झाली. ठेवा. बघा साहेब, तुमच्या डेपोत पहिला नंबर कुणाचा? काळी काच लावून गाडी चालवणाऱ्या त्या गॉगलचा. परवा वळणावर दुभाजकावर चाक चढवलं त्याने. माणसं किंचाळली तेव्हा जागा झाला.

साहेब : तक्रार आली होती. सिस्टीमने ‘रस्ता खराब’ म्हणून बंद केली.

ड्रायव्हर : आणि तुम्ही?

साहेब : मान्य केलं. दादा, तूही गॉगल लाव ना! मी मागेच सुचवलं होतं. रिटायर व्हायला सोळा महिने राहिलेत तुझे. कशाला हेका धरतोस? नाहीतर आजपासून गाड्या धुवायच्या शेडमध्ये जाशील.

ड्रायव्हर : संध्याकाळी शाळेसमोर दिवे लागायच्या आधी रस्ता कसा दिसतो, ठाऊक आहे? पोरं दोन गाड्यांच्या मधून टुणकन उडी मारतात. तिथे मी डोळ्यांवर काळी काच चढवू? का, तर तुमच्या डबड्याला मी जागा वाटावा म्हणून? थू!

साहेब : जपून बोल. मी अधिकारी आहे.

ड्रायव्हर : अधिकारी! अरे, अकरा वर्षं माझ्या गाडीत कंडक्टर होतास तू. दुपारच्या फेरीला मागच्या बाकावर तोंड उघडं टाकून घोरायचास. तुझी झोप मोडू नये म्हणून मी ब्रेक हळू दाबायचो. एकदा तरी वर कळवलं का मी?

साहेब : नाही.

ड्रायव्हर : तेव्हा तू झोपायचास, पण निदान तिकीट देताना माणसाकडे बघायचास. आता टक्क जागा आहेस आणि कुणाकडे बघत नाहीस. शरम वाटते मला, की याला मी धंदा शिकवला.

साहेब : झालं बोलून? पाच वाजेपर्यंत निर्णय फिरवता येतो. पाचनंतर कुलूप लागतं त्याला.

ड्रायव्हर : आत्ता किती झालेत?

साहेब : पाचला चार कमी.

ड्रायव्हर : मग दाब ना अमान्य. कारण मी सांगतो: ‘मी या माणसाला ओळखतो.’ लिही.

साहेब : असं कारण यादीत नाही, दादा. आणि या महिन्यात माझी बढती... जाऊ दे. तुला नाही कळायचं.

ड्रायव्हर : कळलं की. चांगलं कळलं. बरं, माझी पाच-दहाची गाडी कुणाकडे दिलीय?

साहेब : सिस्टीमनेच बदली लावलीय. ज्याचे गुण सगळ्यात जास्त, त्याला.

ड्रायव्हर : म्हणजे गॉगलला.

साहेब : हो.

ड्रायव्हर : तुझी पोरगी असते त्या गाडीला. कॉलेजच्या थांब्यावर चढते. रोज माझ्या मागच्या सीटवर बसते आणि उतरताना ‘येते काका’ म्हणते. पाचला दोन कमी.

(साहेब मोबाईल उचलतात.)

साहेब : हॅलो, बाळा? कुठे आहेस? थांब्यावर? ऐक, आज बसमध्ये चढू नकोस. नाही, काही झालेलं नाही. सहजच. मी येतो तुला घ्यायला. तिथेच थांब. चढू नकोस म्हणतो ना! ... हं. ठेव.

ड्रायव्हर : पाच वाजले.

साहेब : दादा, मी...

ड्रायव्हर : असू दे. शेडची किल्ली दे. त्या गाडीत आणखी पन्नासेक माणसं चढतील रे. त्यांचे नंबर आहेत का तुझ्याकडे?