मदतीचा नंबर

पार्सलच्या रांगेत माझ्यामागे लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण आणि त्याची थोरली बहीण उभे होते.

“ताई, संध्याकाळच्या गोष्टींच्या कार्यक्रमातून माझं नाव काढायला सांग. स्टेजवर दातखीळ बसेल माझी.”

“बसू दे. गोष्ट आधी मला सांग.”

“तुला पाठ आहे.”

“तरी सांग. रांग कुठे पळून चाललीय?”

“लिफ्टमध्ये अडकलेल्यांना वीस वर्षं धीर देणारा माणूस स्वतः अडकला आणि रडला, हे चारचौघांत सांगू?”

“रडलास, मग?”

“मग लिफ्टमधल्या फोनवरून मदतीचा नंबर लावला.”

“लागला?”

“लागला ना. माझ्याच खिशात वाजला.”

“आणि तू उचललास!”

“ड्युटीवर उचलावाच लागतो. एका कानाला तो, एका कानाला हा. सवयीनं म्हणालो, ‘घाबरू नका, माणूस पाठवतो.’”

“आणि?”

“आणि खरंच धीर आला गं. म्हटलं, चला, कोणीतरी येतंय.”

“पुढचा नंबर!” खिडकीतल्या बाई ओरडल्या. कोणीच हललं नाही.

“अहो, पण आलं कोण?” माझ्या पुढच्या आजोबांनी मागे वळून विचारलं.

“ते… ते संध्याकाळी. सात वाजता, वाचनालयाच्या हॉलमध्ये.”

“साडेसातला ठेवा,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. “माझी खिडकी सातला बंद होते.”

“मग? काढायला सांगू ना रे तुझं नाव?”

“आता कसं काढतेस, ताई? एवढी माणसं मध्येच अडकवून ठेवलीत मी.”