कोकराची गाठ

(शहागडच्या वरच्या अंगाला, गोदावरीकाठच्या रानात मेंढरांचा मुक्काम. पालाच्या सावलीत करण घोंगडीवर पडलेला. उशाशी त्याची आई सुगंधाबाई. भर दुपार. झाडाचं पान हलत नाही.)

करण : अन् धूर? तोबी मला दिसत न्हाई म्हणू का? सकाळी चुलीतनं निघाला अन् अजून चुलीवरच उभा हाय.

सुगंधाबाई : राहीना का उभा. तुला काय करायचंय धुराचं? पडून राह्य गुमान.

करण : पडूनच हाये की. आठवडा झाला. ना भूक, ना झोप. छातीवर हात ठेवला तर आत काहीच हलत न्हाई. माय, खरं सांग, मी जिवंत हाये का?

सुगंधाबाई : बोलून राह्यलास न माझ्याशी? मंग? मेलेली माणसं इतकी वटवट करत न्हाईत.

करण : पदराखाली मुठीत काय धरलंस?

सुगंधाबाई : काही न्हाई. घोंगडीची दशी हाय. तुटली होती.

करण : गाठ हाय. कोकराची.

सुगंधाबाई : हाय मंग! काय म्हणणं हाय तुझं?

करण : तूच दाखवलीस मला लहानपणी. कोकरू जल्मलं अन् श्वास घेईना, तर तो निसटायच्या आत लोकरीच्या दोऱ्यात बांधायचा. नाक पुसायचं, अंग चोळायचं. कोकरू ब्यां करून ओरडलं की गाठ लगेच सोडायची. चहाला उकळी येईस्तोवरबी ठेवायची न्हाई. आपल्या घरच्या बाया असंच करत आल्या, म्हणायचीस.

सुगंधाबाई : बराबर हाय. तेच केलं म्या.

करण : माणसाला?

सुगंधाबाई : तुला! तू काय गावचा माणूस हायेस? डांबरी रोडवर पडला होतास. गाडी एकीकडं, चप्पल एकीकडं. धडक देणारा थांबलाबी न्हाई. बाया म्हणून राह्यल्या, गेलं गं सुगंधा, लेकरू गेलं. म्या दशी ओढली अन् गाठ मारली. दुसरं काय येतं मला?

करण : पण उशीर झाल्ता, माय. माझा श्वास बाहेर पडला होता. वाऱ्यात गेल्ता.

सुगंधाबाई : ठावं हाय. म्हणून वाऱ्यालाच धरलं.

करण : सगळ्या जगाच्या.

सुगंधाबाई : जगाचा वारा एकच असतो हे मला कोणी सांगितलं होतं? मला वाटलं, शहागडचा असंल.

करण : बाबा आले बघ.

सुगंधाबाई : आले का? पाणी घ्या. काय म्हणतंय गाव?

म्हस्कू : गाव काय म्हणणार. पुलावर ट्रकांचा धूर साचलाय. दिवसा दिवे लावून चालून राह्यलेत. हॉटेलात टीव्ही लावलाय. दिल्लीत माणसांना घराबाहेर पडू देईनात. समुद्रापल्याड एका मुलखावर ढग आला तो हलेना. पाऊस पडूनच राह्यला तिथं. गावंच्या गावं पाण्यात. अन् आपल्या हिकडं ढग येईना.

करण : कशानं झालं म्हणतेत?

म्हस्कू : मोठमोठी शिकलेली माणसं बसलीत. कारण सापडत न्हाई म्हणतेत.

सुगंधाबाई : सांगा त्यांना, कारण इथं पालात बसलंय. घ्या ना पाणी. अन् चपला का काढत न्हाई तुम्ही? परत जायचंय का कुठं?

म्हस्कू : न्हाई. कुठं जायचं.

सुगंधाबाई : मंग तोंड का असं? काहीतरी गिळून आलात तुम्ही. तुमचा चेहरा काय आज पहिल्यांदा बघून राह्यले का मी?

म्हस्कू : झुंबरबाई भेटली.

सुगंधाबाई : कोण, ह्या रानाची मालकीण? मेंढरं उठवा म्हणती का? उठवू की. तिच्या बापाची भीती हाय का!

म्हस्कू : तसं न्हाई. तिची लेक बाळंत झाली. पोरगी झाली.

सुगंधाबाई : चांगलं झालं की.

म्हस्कू : पोरगी श्वास घेईना, करणची माय. कुठलंच नवं लेकरू घेईना, आठवडा झाला. ज्यांचा श्वास आधीपासून चालू हाय, त्यांचा चालतो. पण पहिला श्वास वाराच आत ढकलतो. वाराच न्हाई. दवाखान्यात रबराचा फुगा देतेत. तो नाकातोंडावर धरून दाबत राह्यचा. मशिनी सगळ्या लागून गेल्यात. आता घरची माणसंच हातानं दाबून राह्यलीत.

करण : मंग झुंबरकाकू तुमच्याकडं कशाला आल्ती?

म्हस्कू : ऱ्हाऊ दे ते.

करण : बाबा.

म्हस्कू : तिनं मागच्या साली ह्याच रानात हिला कोकराची गाठ मारताना बघितलं होतं. म्हणली, सुगंधाला म्हणा, ती गाठ माझ्या नातीला मार. एवढी मोठी जमीनदारीण, माझ्या पायावर पडली रे. कपाळाला माती लागली. म्या सांगितलं, ती घरी न्हाई, माहेरी गेली.

सुगंधाबाई : माहेरी कशाला पाठवलं मला? आणा म्हणावं लेकरू. मारते गाठ. त्यात काय!

करण : कशाची मारतीस? काल काळ्या मेंढीचं कोकरू जल्मलं अन् श्वास घेईना, तेव्हा मी बघून राह्यलो होतो. परत परत गाठ मारलीस. दोरा रिकामाच. धरायला वारा शिल्लक कुठं हाय? सगळा माझ्यापाशी हाय.

सुगंधाबाई : तू चूप बस!

करण : बसलो.

सुगंधाबाई : चूप न्हाई, बोल. बोलत राह्य. तुझा आवाज थांबला की मला कसंतरी होतं. अन् मला जगाचं काही सांगू नका दोघंबी. जगानं माझं लेकरू रोडवर टाकून दिलं होतं. फोटो काढून राह्यले होते लोक. म्या एकटीनं धरलं त्याला. बिलकुल सोडणार न्हाई मी. बुडू द्या गावं.

म्हस्कू : बरं.

सुगंधाबाई : बरं काय बरं? बोला की काहीतरी. बाप ना तुम्ही?

म्हस्कू : काय बोलू? तू गाठ मारली तवा मी बाजूलाच होतो. ह्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गाठ बसली अन् ह्यानं डोळे उघडले. मीबी तुला सोड म्हणलो न्हाई. आठवडाभर एकदाबी न्हाई. आताबी तोंडातनं निघत न्हाई.

करण : माय, मला काही दुखत न्हाई. पण काही होतबी न्हाई. भाकरीचा वास येत न्हाई. तू डोक्यावरून हात फिरवतीस, तो कळत न्हाई. तुला वाटतं, तू मला धरून ठेवलं. मी आत पडून राह्यलोय नुसता, दावणीला बांधल्यावानी.

सुगंधाबाई : हात कळत न्हाई?

करण : न्हाई गं.

सुगंधाबाई : पहिल्या दिवसापासून?

करण : तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई.

सुगंधाबाई : ...अहो, त्या लेकराचा फुगा कोण दाबून राह्यलंय?

म्हस्कू : त्याची माय. दोन रोजाची बाळंतीण. दुसऱ्या कोणाच्या हातात देईना म्हणे. बोटं सुजलीत तिची. हात थांबला की लेकरू निळं पडतं.

सुगंधाबाई : झोपली न्हाई?

म्हस्कू : कशी झोपंल?

सुगंधाबाई : म्हंजे तीबी मुठीत धरून बसली.

म्हस्कू : हाव.

सुगंधाबाई : कोवळी पोर हाय ती. मागच्या साली मला ताक आणून दिलं होतं तिनं, बांधावर. तिला कोण सांगंल, किती वेळ दाबायचं ते? मला तर कोणी सांगितलं न्हाई.

करण : माय, रडू नको.

सुगंधाबाई : रडू दे. तुझ्यासाठी रडलेच न्हाई अजून. रडले असते तर तू मेलास असं झालं असतं. अहो, हिकडं या. ह्याचं डोकं घ्या मांडीवर, त्या दिवशीसारखं. माझे हात काम करीनात. करण, तूच सोड रे गाठ.

करण : कोकरू आपली गाठ आपण सोडतं का कधी? तुलाच सोडावी लागंल. पण आधी अंग चोळ की. तसंच सोडायचं नसतं.

सुगंधाबाई : चोळते. थांब, सदरा वर घेऊ दे. किती लांबलचक झालंय माझं कोकरू! जल्मला तवा एका हातात मावत होतास. तवाबी श्वास घेईना. तवाबी गाठच मारली होती म्या. ठावं हाय का तुला?

करण : न्हाई. कधी बोलली न्हाईस.

सुगंधाबाई : नजर लागंल म्हणून न्हाई बोलले. बाजरी खुडायला आलेल्या बाया होत्या बाजूला. तू असा ओरडलास की त्या पळत आल्या. म्या हसत हसत गाठ सोडली होती.

करण : तशीच सोड मंग.

सुगंधाबाई : हसता येत न्हाई रे.

करण : बरं, ओरडू का? ब्यां.

सुगंधाबाई : गाढवा. मेलं माझं गाढव. परत ओरड.

करण : ब्यां. सोड, माय. जल्दी. बाबा, तिचा हात धरा.

म्हस्कू : धरलाय रे बाळा. मनगट धरलंय. सोड, करणची माय. मी हाये.

सुगंधाबाई : सुटत न्हाई. लई घट्ट मारली होती. हां. सुटली.

म्हस्कू : पालाचं कापड हललं.

सुगंधाबाई : करण.

म्हस्कू : मेंढरांनी माना वर केल्या बघ सगळ्या. धूर चालला.

सुगंधाबाई : करण, ए करण.

म्हस्कू : ऱ्हाऊ दे आता. इथं बस माझ्यापाशी.

सुगंधाबाई : फोन वाजून राह्यलाय तुमचा.

म्हस्कू : झुंबरबाईचा हाय. घेऊ का?

सुगंधाबाई : घ्या. काय म्हणती?

म्हस्कू : ती बोलतच न्हाई. मागं लेकराचा आवाज येऊन राह्यला. लई मोठ्यानं.

सुगंधाबाई : ठेवा मंग. ऱ्हाऊ द्या तिला लेकरापाशी.

म्हस्कू : ह्याचे केस आलेत कपाळावर. सारखे उडून राह्यलेत. नीट करू का?

सुगंधाबाई : नका करू. त्याचा तोच उडवून राह्यलाय.