हात सुटलेली अक्षरं

नाव : रिफअत अब्दुलहादी शरबासी. वय : ७२ वर्षे. धंदा : निवृत्त अरबी शिक्षक, सध्या घरी बसून छापखान्यांसाठी मजकूर जुळवून फाईल पाठवण्याचे काम. राहणार : कालव्यामागची गल्ली, कोळ्यांच्या बाजाराजवळ, दमियेत्ता.

आज मंगळवारी सकाळी मला ठाण्यात बोलावून विचारण्यात आले, त्यावरून मी स्वतः हजर राहून सांगतो की,

माझी नात जुमाना हिचे लग्न येत्या गुरुवारी, लाकडावर नक्षी कोरणारे हाझेम यांच्याशी ठरले आहे. नवऱ्या मुलाच्या दारावर शुभेच्छांचे कापड मुलीकडच्यांनी लावायचे, अशी आमच्या गल्लीची पद्धत आहे. जुमाना म्हणाली, "आजोबा, ओळी तुमच्या, पण अक्षर आजीचं हवं."

माझी पत्नी अवातिफ मुलींच्या शाळेत सुलेखन शिकवीत असे. तिला जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या कित्त्याच्या वहीतून एकेक अक्षर उचलून मी संगणकावर फॉन्ट केला. आमचे प्रत्येक अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरे आणि शेवटी तिसरे रूप घेते, त्यामुळे एक अख्खा हिवाळा लागला. हिवाळा छान गेला. (हे जबाबात घेण्याचे कारण नाही, असे लेखनिक हवालदारांनी सांगितले. तो फॉन्ट इतर कोणाकडे का नाही, हे साहेबांनीच विचारले म्हणून सांगितले.)

रविवारी दुपारी मी कापडाची फाईल तयार करून उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, गिर्गिस यांच्या छापखान्याला मेलने पाठवली. पाठवण्यापूर्वी अक्षरे गोठवायची, असा छापखान्याचा नियम आहे. गोठवणे म्हणजे अक्षरांची चित्रे करणे; मग ती कुठल्याही यंत्रावर आहेत तशीच दिसतात. न गोठवता पाठवली आणि समोरच्या जुन्या यंत्रात तो फॉन्ट नसला, तर आमची अक्षरे एकमेकांचा हात सोडतात आणि उलट्या रांगेत उभी राहतात. प्रार्थनेच्या वेळी शिक्षक नसलेला वर्ग उभा राहतो तशी.

गिर्गिस यांचा फोन आला. ते मला उस्ताज, म्हणजे गुरुजी, म्हणतात. "उस्ताज, अक्षरं गोठवलीत ना?"

मी म्हणालो, "हो."

हे खोटे होते. शेवटच्या ओळीतला एक शब्द अजून मनाजोगता बसला नव्हता. शिवाय गोठवलेल्या अक्षरांनी पुन्हा नवा शब्द लिहिता येत नाही. अवातिफची अक्षरे अशी गोठवणे माझ्याच्याने होईना.

आज सकाळी आठ वाजता छापखान्याच्या पोरांनी आमच्या वतीने कापड परस्पर हाझेमच्या दारावर लावले. हाझेमची आई उम्म हाझेम यांनी खिडकी उघडली. सुटी सुटी, उलटी अक्षरे. मांत्रिकाच्या तोडग्याच्या कागदावर असतात, अगदी तशीच. त्यांनी मिठाचे पाणी शिंपडले, गल्ली गोळा केली आणि ठाण्यात तक्रार दिली, की कोणीतरी करणी करून त्यांच्या मुलाला बांधून टाकले आहे. बांधणारा सापडेपर्यंत लग्न होणार नाही.

उस्ता गिर्गिस यांनाही बोलावले होते. छापताना दिसले नाही का, असे साहेबांनी त्यांना विचारले.

"दिसलं की, बाशा," ते म्हणाले. "वाटलं, उस्ताजनी काढलेली नवी तऱ्हा असेल. शाळेत एका टिंबासाठी ह्यांनी माझी बोटं लाल केलीत. आता ह्यांचं शुद्धलेखन मी तपासू?"

उम्म हाझेम मला म्हणाल्या, "मास्तर, तोंड वर करून सांगा, माझ्या पोराला बांधलं कुणी?"

मी म्हणालो, "अहो बाई, बांधायचं राहून गेलं, हाच तर माझा गुन्हा!"

खात्री पटावी म्हणून मी पेनड्राइव्हवरची फाईल ठाण्याच्या संगणकावर उघडली. हा संगणकही जुना. अक्षरे इथेही सुटली. उम्म हाझेम खुर्चीवरून उठल्या. "बघा! ठाण्यालाही लागलं!" हवालदारांनी लिहिणे थांबवून संगणकापासून खुर्ची दूर ओढली.

मग साहेबांच्या परवानगीने मी घरून माझा लॅपटॉप आणला. जुमाना सोबत आली. तिच्या हातांवरची मेंदी कालचीच होती. मी सर्वांसमक्ष अक्षरे गोठवली. गिर्गिस म्हणाले, "आणि न गोठवलेली एक प्रत आपल्याकडे ठेवायची असते, उस्ताज. इतकं सोपं आहे." हे मला सुचले नव्हते. प्रत ठेवली. गोठवलेली फाईल ठाण्याच्या संगणकावर उघडली. उम्म हाझेम यांनी बोट लावून, सावकाश, मोठ्याने वाचले :

गोडं पाणी खाऱ्या पाण्यात आलं,
कुणी कुणाचं, विचारू नये;
या दारी आलेल्या पावलांना
परकं म्हणून पुकारू नये.

वाचून झाल्यावर त्यांनी बोट एका अक्षरावर परत नेले. "हा 'हा' कुणाचा? असे दोन डोळे उघडे ठेवून 'हा' एकच बाई काढायच्या. अवातिफबाई. ह्या 'हा'पायी मी मार खाल्लाय, मास्तर."

मी म्हणालो, "त्यांचाच."

"मग आधी नाही का सांगायचं? बाईंचं अक्षर माझ्या दारावर, आणि मी मीठ शिंपडत बसले!" त्यांनी जुमानाला जवळ ओढले आणि हवालदारांना फर्मावले, "लिही रे. माझी तक्रार नाही. लग्न गुरुवारीच आहे. पण अट आहे."

अट अशी, की लग्नात वाटायच्या मुशब्बकच्या खोक्यांवर त्यांचे नाव त्याच अक्षरात यावे. मुशब्बक ही वेटोळ्यात वेटोळे अडकवून तळलेली आमच्या गावची मिठाई. अक्षरांनीही तसेच असावे, असे अवातिफ वर्गात सांगत असे.

मी तिथेच ठेवलेली प्रत उघडली आणि 'उम्म हाझेम' असे लिहिले. हे नाव अवातिफने तिच्या वहीत कधी लिहिलेले नाही. आज लिहिले. आमच्या लिपीत 'हा' दोन आहेत, या नावातला बिनडोळ्यांचा; तोही चांगला आला.

दोन्ही फाईली ठाण्यातूनच छापखान्याला मेलने गेल्या आहेत. अक्षरे गोठवली आहेत. प्रत माझ्याकडे आहे. उस्ता गिर्गिस यांनी या वेळी छापण्यापूर्वी वाचून पाहण्याचे कबूल केले आहे. शेवटच्या ओळीतला शब्द मी बदललेला नाही. उम्म हाझेम यांच्या तोंडून तो बरोबर वाटला.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तीन ठिकाणी शुद्धलेखन माझ्या विनंतीवरून दुरुस्त केले, आणि चार ओळी उम्म हाझेम यांच्या विनंतीवरून पुन्हा वाचल्या. सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे, जोडून आहे, उजवीकडून डावीकडे आहे, आणि खरे आहे.

सही : रिफअत शरबासी