थॉमसनचं वांगं

...नाही, तुम्हीच सांगा, त्या डाल्टनला कोणी बी.एड. विचारलं होतं का? बाराव्या वर्षी शाळेत शिकवायला लागला म्हणे, आणि पुढे 'अणू फुटत नाही' असं छातीठोक सांगून मोकळा! फुटलाच ना शेवटी? तरी गडी दोनशे वर्षं पुस्तकात, फोटोसकट. डाल्टन चुकला, तरी कायम. आणि हा तुमच्यासमोर बसलेला राजदीप तायडे, नऊ वर्षं धुळ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात तोच अणू शिकवतोय, एक ओळ चुकला नाही, तर तासिका तत्त्वावर! जूनमध्ये 'या सर', मार्चमध्ये 'बरं, या आता.'

यंदा जागा निघाली. समितीसमोर पाठ घेऊन दाखवायचा, आणि पाठ कोणता, तर अणूचा! म्हटलं, वाढलेलं ताट आलंय समोर. आता थॉमसनचा अणू कसा, तर पुस्तक म्हणतं प्लम पुडिंगसारखा, मनुका पेरलेला. आमच्या खान्देशात कोणाच्या बापाने खाल्लंय प्लम पुडिंग? म्हणून आईला फोन केला, तिने जळगावजवळच्या नशिराबादहून एसटीने भरताचं किलोभराचं हिरवंगार वांगं पाठवलं. ते टेबलावर ठेवलं आणि समितीदेखत मधोमध चिरलं. हा गर म्हणजे धनप्रभार, या बिया म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि आता बघा, रुदरफोर्ड नावाचा थॉमसनचाच विद्यार्थी येतो आणि गुरूचं हे वांगं...

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष लीलाधर नाना, इतका वेळ डोळे मिटून होते, ते ताडकन सरळ झाले.

"भरीतनं वांगं कोन चिरस हो सर?"

झालं! अख्खंच भाजायचं असतं, तुराट्यांवर, चिरलं की चव गेली... दुसरे सदस्य म्हणाले, बिया फार आहेत, हे जळगावकडचं नाही. मी म्हटलं, साहेब, बिया नाहीत, इलेक्ट्रॉन आहेत. तर म्हणाले, मग इलेक्ट्रॉन जून आहेत! अर्धा तास भरीत भाजलं हो त्यांनी, आणि रुदरफोर्ड माझ्या तोंडातच राहिला.

जागा नीलेशला. नीलेश म्हणजे नानांचा भाचा, आणि माझाच विद्यार्थी, अकरावीला याच धड्यात दोनदा आपटलेला. डाल्टन चुकला, तरी कायम! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आईला काय सांगणार, म्हटलं वांग्यात बिया जास्त निघाल्या. तिला अजून वाटतं, पोराची नोकरी आपल्या वांग्याने घालवली.

आणि गेल्या आठवड्यात नीलेश दारात. पाया पडला. परवा माझा अणूचा तास आहे सर, थॉमसन जरा समजावता का, आणि ते वांगं... इकडे तसं मिळत नाही. आता काय म्हणणार? समजावला थॉमसन. वांगंही मागवलं.

त्याने भर वर्गात ते टराटर चिरलं. नाना दारातून बघत होते, शेजारी मी. मला कोपराने ढोसून म्हणतात, "देखा सर, याले म्हंतस शिकाडनं!"

मी मान डोलावली. वांगं खरंच चांगलं निघालं हो, बी औषधाला नाही. आईने सगळा बाजार पालथा घालून निवडलं होतं... तिला वाटलं, मला पुन्हा मुलाखतीला बोलावलंय.