शैला आली नाही

चारुता : वीसच आहेत, आई. झूम करून मोजले.

शैला : एकवीस हवेत. अकरा जोडपी म्हणजे बावीस, त्यातून मी गळले. पुन्हा मोज.

चारुता : अगं, फोटो कोणीतरी काढला असेल ना?

शैला : ड्रायव्हरनं. ट्रिप काढणाऱ्या प्रीतानं खाली लिहिलंय ग्रुपवर. अझराकच्या किल्ल्यासमोर चहा पिताहेत सगळे. तुझे बाबा चहा सोडून कुठे जातील?

चारुता : रेस्टरूमला गेले असतील. रिलॅक्स.

शैला : हा बघ, आधीचा फोटो. खरानाचा किल्ला, वाळवंटात एकटा उभा आहे तो. यात त्यांची निळी टोपी दिसते. त्यानंतर एकाही फोटोत निळी टोपी नाही.

चारुता : बाबांना फोन लाव ना मग.

शैला : बंदच असतो! जॉर्डनमध्ये रोमिंग लागेल म्हणून एअरप्लेन मोडवर ठेवलाय. रात्री हॉटेलच्या वायफायवरून बोलतात.

चारुता : ओ माय गॉड, बाबा! बरं, लँडलाइन वाजतोय तुझा.

शैला : वाजू दे. तिसऱ्यांदा वाजतोय मेला. गाडीची वॉरंटी संपली म्हणून सांगणारे ते फसवे असतील. तू प्रीताला लाव आधी.

(चारुता बाहेर डेकवर जाऊन फोन करते. चार-पाच मिनिटांनी आत येते.)

शैला : काय म्हणाली? स्पष्ट सांग.

चारुता : बसमध्ये नाहीत ते. खरानाला राहिले.

शैला : अगं बाई गं!

चारुता : बस वळवलीय. पण पाऊण तास लागेल म्हणाल्या. प्रीताकाकू रडतायत, आई. मला एक सांग, तुमच्या ट्रिपमध्ये हजेरी बायकांच्या नावानं घेतात?

शैला : हो. पहिल्यापासून. पुरुष आपले गप्पांत, दहा हाका मारल्या तरी ‘ओ’ देत नाहीत. बायको ‘आलो’ म्हणाली की दोघं आले.

चारुता : काकूंनी ‘शैला?’ विचारलं. तुझं नाव यादीत तसंच होतं. मागून कोणीतरी ओरडलं, ‘शैला आली नाही या वेळी!’ काकूंनी टिक केलं, बस निघाली. लाइक, हू डझ दॅट?

शैला : आम्ही करतो. बारा वर्षं करतोय. त्यांची बॅग?

चारुता : सीटवर आहे.

शैला : म्हणजे बिस्किटं बसमध्ये. तिकडे किती वाजले?

चारुता : चार वाजून गेले. पाचच्या आत अंधार होईल.

शैला : बारा वाजता जेवण, त्याआधी इन्सुलिन. चारला पोटात काही गेलं नाही तर घाम सुटतो त्यांना. मागं पार्किंग लॉटमध्ये बसकण मारली होती, आठवतंय? तेव्हा मी होते. माझ्या पर्समध्ये असतं सगळं.

चारुता : आई, तुझा गुडघा दुखत होता. तू जाऊ शकत नव्हतीस.

शैला : गुडघ्याचं काय घेऊन बसलीस! गुडघा काय, दुखतोच. भांडलो आम्ही. तिकिटं काढून झाल्यावर.

चारुता : कशावरून?

शैला : म्हणाले, तिथे जिने आहेत, चढ आहेत, दर वेळी तुझ्यामुळे सगळी बस खोळंबते. मला इतकं लागलं ते! म्हटलं, जा एकटे, बघा तुमचे रोमन आणि बघा तुमचे खलिफा. निघाले तेव्हा नीट बाय सुद्धा केलं नाही मी. भांडी घासत होते. आता काही झालं ना त्यांना, चारू, तर मी काय करू?

चारुता : काही होणार नाही. थांब, परत वाजतोय लँडलाइन.

शैला : मरू दे तो.

चारुता : आई, नंबर बघ. नऊ सहा दोन. नऊ सहा दोन म्हणजे जॉर्डन! उचल! उचल ना, यार!

शैला : (स्पीकर लावून) हॅलो? हॅलो!

प्रताप : अगं, किती वेळा लावला! कुठे होतीस?

शैला : इथेच. फोनजवळच बसले होते. अहो, कसे आहात? घाम येतोय का?

प्रताप : जरा थरथरत होतो. आता बरा आहे. इथला राखणदार फार भला माणूस. त्याचाच फोन आहे हा. बाकी कोणाचा नंबर पाठ नाही गं मला, घरचा तेवढा आहे.

शैला : खाल्लंत काही?

प्रताप : त्यानं खजूर दिले, चहा दिलाय. पण भयंकर गोड आहे. मी नुसता धरून बसलोय, म्हटलं तू ओरडशील.

शैला : प्या! आत्ताच्या आत्ता प्या. मला घोट ऐकू आला पाहिजे.

चारुता : बाबा, बस येतेय. तीस मिनिटं. जागेवरून हलू नका.

प्रताप : चारू पण आहे का? कशाला पोरीला कामाच्या दिवशी बोलावलंस?

शैला : ते राहू दे. बस सुटली तेव्हा तुम्ही होतात कुठे?

प्रताप : वरच्या मजल्यावर खोल्या आहेत, फार सुंदर. भिंतीत चिरा आहेत, लोक म्हणतात बाण मारायला, पण माझा विश्वास नाही. हवा खेळायला असणार.

शैला : अहो, मी काय विचारतेय!

प्रताप : सगळे उतरले. मीही उतरलो. खाली जिन्याशी थांबलो.

शैला : कशाला?

प्रताप : तू उतरतेयस म्हणून.

शैला : अहो, मी तर इथे घरी.

प्रताप : चांगला पाचसात मिनिटं उभा होतो, हात धरायला. वर हाक पण मारली, सावकाश ये म्हणून. मग आठवलं. बाहेर आलो तर बस नव्हती.

चारुता : आई? आई, पाणी देऊ?

प्रताप : शैला, आहेस का? हा माणूस बिचारा फोनकडे बघतोय. ठेवू आता?

शैला : नाही. त्याला सांगा, बायको आहे. बस दिसेपर्यंत ठेवणार नाही म्हणावं.