जुळीला ताप आला

हॅलो?… व्हय, मीच बोलती. संयू, एवढी धापा का टाकतीस गं?… खंडाळ्यातच हायस न्हवं, तुझ्या कारखान्यात?… मग काय झालं?

कुठली बॅटरी? तुझ्या कारखान्यातली, लाईट गेल्यावर पंखा चालवायची? तू दिवाळीला आनून दिल्याली?… हाय की. का गं?… आज खंडेनवमी न्हाई का, सकाळीच पुजली तिला. देवाऱ्यापुढं ठिवलीया, तुझ्या आबांच्या कॉटशेजारी. कोयता, इळा, आबांची फौजेतली पेटी, आनी मधी तुझी बॅटरी. लेकीचं हत्यार तेच न्हवं का?…

दिवा? व्हय, अखंड दिवाबी तिथंच हाय. नवरात्रात आनी कुठं असनार?…

थांब, बघती… आई गं. अगं, तव्यागत भाजतीया… न्हाई, नुसतं बोट लावलं. आता न्हाई लावत… जाळीला? जाळीला झेंडूची माळ बांधलीया. वरनं नवा खण पांघरलाय… तिथनं वारं घेती व्हय ती? मला काय म्हाईत. छान दिसती मनून बांधली… काढू का?… नको?… बरं, बरं. तू ओरडू नकोस.

पर तुला तिकडं बसून कसं कळलं?… जुळीमुळं? ती कंप्युटरातली?… व्हय, सांगितलंवतंस मागं. परत्येक बॅटरीची एक जुळी तू तिकडं आकड्यात ठिवलीयास, हिला ताप यायच्या आदी तिला येतो. हसलेवते मी तवा… न्हाई, आता न्हाई हसत.

आबास्नी भाईर?… अगं, एक अंग गेल्यालं मानूस, मी एकटी कशी उचलू?… कॉटसकट वडू? हलंना गं ती… थांब, शेजारी दादासो हाय. दादासोऽ, आरं दादासो, पळत ये रं… तू फोन ठेवू नकोस, संयू. मला भ्या वाटतंय.

दिवा इझवू?… अगं, घट बसल्यापास्नं जपलाय त्यो. एकदाबी इझू दिला न्हाई… बरं. फुंकला. देवी माझं काय करायचं ती करू दे.

संयू, आवाज येतोय. फुसफुस, नाग फुत्कारल्यावानी… पोट फुगलंय तिचं, खण वर उचललाय… व्हय, निघतोय, निघतोय. दादासो, तू डोसक्याकडनं धर. उंबऱ्याला संबाळ… आवं, काय न्हाई, जरा अंगनात बसूया. व्हय, तुमच्या लेकीचाच फोन हाय…

आलो. आलो भाईर… दम घिऊ दे जरा… हैत, आबा हैत. चिंचंखाली ठिवलीया कॉट. बघत्यात माझ्याकडं.

धूर निघालाय… खिडकीतनं, काळा काळा… दादासो, ठेव ती बादली, आत जाऊ नकोस. त्यो धूर इखारी हाय म्हनतीया… शिराळ्यास्नं आगीची गाडी बोलावलीस? बरं केलंस…

पेटलं गं. देवारा पेटला… पत्र्याला लागतीया आता… रडू नकोस. अगं ऐक ना, मानसं भाईर हैत. रडू नकोस.

संयू… एक इचारू? तुझ्या जुळीला ताप कवा आला?… सकाळी?… आनी आमाला आत्ता सांगतीस?… कोन म्हनलं थांब? तुझं सायेब?… हं… हं… उद्या दसऱ्याला मोठी मानसं येनार. तुला वरची जागा देनार… व्हय, कळतंय मला. बंगळूरला शिकलीस, परदेशातलं बोलावनं सोडून आलीस, लगीन लांबवलंस. ह्या बॅटरीपायीच सगळं. न कळाया काय झालं?

बाकीच्या घरांच्या जुळ्याबी तापल्यात?… सगळ्या न्हाई, पर तापल्यात… मग त्यास्नी फोन केलास?… संयू, मी इचारती, केलास का?… निस्ता आमालाच?

आनी राहीमावशी?… अगं, कोकरूडला तिच्याकडं हाय की. मीच म्हनलेवते तिला, घे मनून. लेक बाळंतपनाला आलीया, लाईट गेली तर पंखा चालंल. बाळंतिनीच्या खाटंखालीच ठिवलीया तिनं. आज तिनंबी पुजली असंल. माळ बांधली असंल. सगळं मला इचारून करती ती.

न्हाई, त्यास्नी उद्या न्हाई, आत्ता सांग. सायबास्नी इचारूनबी न्हाई… कामावरनं काढतील, ठाव हाय मला. मलाबी वाईट वाटंल, लय वाटंल. एवढं शिकल्याली लेक घरी बसली तर रडंन मी. पर तुझा फोन आला मनून आबा चिंचंखाली हैत. त्यांच्याबी घरात कोन ना कोन झोपल्यालं असंल, संयू… काढलं तर ये हिकडं. घर ऱ्हातंय का न्हाई ठाव न्हाई, अंगन हाय.

ऐक आता. राहीला मी लावती. बाकीच्यांची नावं मला म्हाईत न्हाईत, ती तुलाच ठाव… न्हाई, आता आबांशी नको बोलू. मागनं बोल… मला भ्या वाटत न्हाई, तू ठेव… ठेव की गं… न्हाई ठेवत? मग मीच ठेवती.