आईचा अंगठा

मुलगी : ...आणि मागून फुगलाय तुमचा फोन, बाबा! टेबलावर सपाटसुद्धा बसत नाही.

बाबा : फुगू दे. काम करतोय ना?

मुलगी : कसलं डोंबलाचं काम? बोलता बोलता बंद पडतो. ते बंगल्याचं गिऱ्हाईक फोन करून करून कंटाळलं, शेवटी दुसऱ्याकडून फरशी बसवून घेतली.

आई : तुझ्या वडिलांना सांग, अशाने घरी बसायची वेळ येईल म्हणावं.

मुलगी : आई, ते समोरच बसलेत.

आई : दिसतंय मला.

बाबा : तुझ्या आईला सांग, मला ऐकू येतं.

(स्वयंपाकघर. टेबलावर एक जुना फोन, एक नवा, आणि आई-बाबांच्या मध्ये मुलगी.)

मुलगी : अजून अबोला? एका फरशीवरून? आई, एकदा 'अहो' म्हटलंस तर जीभ झिजणार आहे का?

आई : आधी कोण गप्प बसलं, ते विचार.

बाबा : माझ्या कामावरच्या जोडीदारासमोर इथल्या फरशीवर चमचा ठोकून म्हणाली, "पोकळ वाजते." उभ्या आयुष्यात मी बसवलेली फरशी पोकळ वाजली नाही.

आई : सिंकखाली वाक गं, तुलाच ऐकवते.

मुलगी : नको! आधी फोन. बाबा, जुना उघडा, सगळं नव्यात घेते.

बाबा : तिच्याकडे दे.

मुलगी : का?

बाबा : माझं बोट घेत नाही तो. सिमेंटने रेषा राहिल्यात कुठे? तिचा अंगठा लागतो.

मुलगी : मग नंबर टाका.

बाबा : विसरलो.

आई : आमच्या लग्नाचं साल आहे. विसरले म्हणे!

मुलगी : म्हणजे बोलायचं नाही, पण फोन उघडायला मात्र...

आई : हे पुढे सरकवतात, मी अंगठा ठेवते. त्यात बोलायचं काय?

बाबा : कामाचा माणूस आहे मी. सारखा लागतो फोन.

आई : हल्ली जरा जास्तच लागतो. सकाळी उघडून घेतला, घड्याळ बघितलं आणि ठेवून दिला. भिंतीवर घड्याळ आहे की!

मुलगी : बरं, ती कटकट आता मिटली. हा चेहऱ्याने उघडतो. बघा इकडे. मान वर. हं, उघडला!

बाबा : एवढंच?

मुलगी : एवढंच. कुणाची मनधरणी नको.

आई : चला, सुटले मी.

बाबा : दुकानदार परत घेईल का गं हा?

मुलगी : बाबा!

बाबा : चांगला आहे. पण जुना चालतोय तोवर चालू दे.

मुलगी : पेट घेईल तो एखाद्या दिवशी! खरं सांगा, नव्यात खोट काय आहे?

बाबा : मला बघूनच उघडतो. मग मी तिच्याकडे कशाला जाऊ?

मुलगी : आई, ऐकलंस?

आई : मला ऐकू येतं.

मुलगी : मग करू काय? परत देऊ?

आई : काही नको. नवाच ठेव, जुना धोक्याचा आहे. अहो...

बाबा : हं?

आई : ती फरशी. सगळी नाही वाजत. कोपऱ्यातच वाजते.

बाबा : माहीत आहे. तू बाजारात गेलीस, तेव्हा मीही चमचा ठोकून बघितला.

आई : मग?

बाबा : पोकळ आहे.